किलीमांजारोला निघालात? आणखी एक दिवस हातात ठेवा

विषुववृत्तापासून इतक्या जवळच्या डोंगरावर बर्फ असूच शकत नाही, असं युरोपातले भूगोलतज्ज्ञ एकेकाळी ठामपणे सांगत. १८४८ मध्ये योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने किलीमांजारोचं पांढरं शिखर डोळ्यांनी पाहून कळवलं, तरी लंडनमधल्या जाणकारांनी ते उडवून लावलं. हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९ मध्ये माथ्यावर पोचले, त्याच्या आधीच हा वाद मिटला होता. आता आफ्रिकेचं हे सर्वोच्च शिखर, ५,८९५ मीटरचं उहुरू, मराठी ट्रेकरच्याही यादीत असतं. पुण्या-मुंबईहून गट निघतात. सहा-सात दिवस डोंगर, मग सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोची सफारी, सुट्टी उरली तर झांझिबारचा समुद्र. बेत खरोखर देखणा आहे. पण तो आखताना काही समज इतके सहज गृहीत धरले जातात की त्यापायी शिखर हुकतं, आणि कधी जिवावरही बेततं.

सर्वात मोठा समज असा: ‘दोर लागत नाही, बर्फात लावायचे काटे लागत नाहीत, म्हणजे हा फक्त लांबलचक ट्रेक. सह्याद्री पालथा घातलाय, एवढं जमेलच.’

यातला पहिला भाग खरा आहे. नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही. मचामे आणि लेमोशो वाटेवर बारांको नावाची कातळभिंत येते. तिथे हात लावून चढावं लागतं, पण आपल्याकडचे रॉक पॅच केलेल्या माणसाला ती आवडेलच. अडचण वेगळीच आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे सह्याद्रीतला प्रत्येक किल्ला पाहून झालेल्या माणसाचीही विरळ हवेत परीक्षा झालेलीच नसते. वर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण म्हणतो, तेही तंतोतंत बरोबर नाही. प्रमाण माथ्यावरही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, आणि उहुरूवर तो समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्म्यावर येतो.

रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याला यातून सूट नाही. तंदुरुस्ती पायांना आणि छातीला उपयोगी पडते. उंचीचा त्रास होणार की नाही, हे मात्र तिच्यावरून सांगता येत नाही. उलट तगडी तरुण मंडळी पहिले दोन दिवस झपाझप पुढे निघतात आणि तिसऱ्या रात्री तंबूत डोकं धरून बसतात. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, असं तिथले गाईड दिवसभर बजावत असतात. तो सल्ला नवख्यांपेक्षा अनुभवी ट्रेकरनी जास्त ऐकायला हवा.

एक गैरसमज तर खास आपला आहे. चार हजार मीटरवर सकाळी उठल्यावर डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको वाटतं. मराठी माणूस चटकन म्हणतो, ‘पित्त झालंय.’ मग पित्ताची गोळी घेतो आणि चालू लागतो. उंचावर डोकेदुखीच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा त्रासच समजायचा आणि गाईडला लगेच सांगायचं. गटात मान खाली जाईल म्हणून तो लपवणं सर्वात धोक्याचं. त्रास मेंदूपर्यंत गेला की माणूस सरळ रेषेत, एका पावलापुढे दुसरं टेकवत चालू शकत नाही. फुप्फुसांत गेला तर बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही. या दोन्ही अवस्थांवर खरा उपाय एकच, खाली उतरणं. रात्र असली तरी आणि शिखर समोर दिसत असलं तरी.

गाईडकडे ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, मग काळजी कसली, असंही ऐकू येतं. तो सिलिंडर त्रास झालेल्याला खाली नेईपर्यंत तग धरायला असतो, वर चढवायला नव्हे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. घरी ९८ दाखवणारं यंत्र साडेचार हजार मीटरवर ८० च्या आसपासचा आकडा दाखवतं, आणि तो पाहून घाबरण्याचं कारण नसतं. पण आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्षही करायचं नसतं. कापराची पुरचुंडी हुंगून हुशारी वाटत असेल तर हुंगा, रक्तातला ऑक्सिजन मात्र त्याने वाढत नाही.

डायमॉक्स या गोळीबद्दल दोन्ही टोकांचे समज आहेत. काहींच्या मते ती लक्षणं झाकते, म्हणून घ्यायचीच नाही. काहींच्या मते ती घेतली की कितीही वेगाने चढता येतं. प्रत्यक्षात ही गोळी मूत्रपिंडांना जास्त बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते. त्याने रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि शरीर जास्त श्वास घेऊ लागतं. सरावाची नैसर्गिक प्रक्रियाच ती लवकर सुरू करते, झाकत काहीच नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. आणि गोळी घेऊनही त्रास होऊ शकतो, कारण शरीराला लागणारे दिवस ती भरून काढत नाही.

या दिवसांपाशीच माझं खरं म्हणणं आहे. डोंगरावरच्या वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. आता मारांगू वाट पाहा. चढ सौम्य, मुक्कामाला लाकडी झोपड्या, म्हणून ती ‘सर्वात सोपी’ म्हणून विकली जाते. मंदारा २,७२० मीटर, होरोंबो ३,७२०, किबो ४,७२०. दर रात्री थेट हजार मीटर वर, आणि पाच दिवसांच्या बेतात त्याच मध्यरात्री शिखराकडे कूच. पायांना ही वाट सोपी वाटते, पण शरीराला सराव व्हायला वेळच मिळत नाही. होरोंबोला एक जादा रात्र काढली तर गोष्ट बरीच सुधारते.

मचामे वाट जास्त उभी, मुक्काम तंबूत, तरी तिची रचना शहाणपणाची आहे. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे ४,६०० मीटरच्या आसपास चढायचं, तिथे जेवायचं आणि उतरून बारांकोला, साधारण ३,९६० मीटरवर झोपायचं. चढायचं उंच, झोपायचं खाली. पण इथेही सहा आणि सात दिवसांच्या बेतांत मोठा फरक पडतो. सहा दिवसांत बारांकोहून थेट बाराफू गाठावं लागतं. दमून भागून दुपार उलटल्यावर पोचायचं, दोन घास खायचे आणि रात्री अकराला उठायचं. सात दिवसांत मध्ये करांगाला मुक्काम होतो, बाराफूला जेवणाच्या वेळेपर्यंत पोचता येतं आणि सबंध दुपार पाठ टेकायला मिळते. माझ्या मते या संपूर्ण सहलीत सर्वात सत्कारणी लागणारा पैसा या एका दिवसाचा. उद्यानाचं शुल्क दिवसावर आकारलं जातं, त्यामुळे दिवस कापला की पॅकेज लगेच स्वस्त दिसतं. ते नेमकं कशाने स्वस्त झालं, हे मात्र जाहिरातीत नसतं.

शिखराच्या रात्रीचं चित्रही बहुतेकांच्या मनात चुकीचं असतं, फोटोंमुळे बर्फातली चढाई डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात वाट्याला येतो तो घसारा. हेड टॉर्चच्या उजेडात पुढच्याचे बूट तेवढे दिसतात आणि मुरमाड उतारावर नागमोडी वळणांमागून वळणं येत राहतात. सॅकच्या नळीतलं पाणी गोठतं, म्हणून पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ तळाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. स्टेला पॉइंटला पोचेपर्यंत उजाडायला लागतं, आणि तिथून उहुरू आणखी पाऊण-एक तास. वरच्या हिमनद्या आहेत, पण १९१२ ते २००७ या काळात त्यांचं सुमारे ८५ टक्के क्षेत्र नाहीसं झालं. आणि माथा गाठला की दिवस संपत नाही. बाराफूहून शिखर सुमारे १,२०० मीटर वर आहे आणि त्याच दिवशी म्वेका मुक्कामापर्यंत जवळजवळ २,८०० मीटर उतरायचं असतं. ज्यांनी उतरण्याचा सराव केलेला नसतो त्यांचे गुडघे आणि अंगठ्यांची नखं इथे जातात. निघण्यापूर्वी नखं कापा आणि राजगड-तोरण्यासारख्या ठिकाणी पाठीवर वजन घेऊन उतरण्याचा सराव करा.

डोंगर आणि सफारी एकत्र करतानाही गफलत होते. ‘आधी सफारी केली की उंचीची सवय होते’ हे खरं नाही. न्गोरोंगोरोचा काठ २,३०० मीटरच्या आसपास, सेरेंगेटीची मैदानं त्याहून खाली. खरी सवय करायची तर अरुशाजवळचा ४,५०० मीटरहून उंच मेरू पर्वत आधी चढावा. रानम्हशींमुळे तिथे बंदूकधारी रेंजर सोबत चालतो आणि खालच्या टप्प्यात जिराफ दिसतात, त्यामुळे थोडी सफारी त्यातच होऊन जाते. सेरेंगेटीची जीप मात्र डोंगरानंतरच बरी, ठणकणाऱ्या पायांना बसून राहायला मिळतं. झांझिबारला स्कूबा करायचं असेल तर ते शेवटी, आणि शेवटची बुडी व परतीचं विमान यांच्यात १८ ते २४ तास ठेवून. आधी बुडी आणि लगेच डोंगर हा क्रम घातक आहे, कारण उंचावर जाणं शरीराच्या दृष्टीने विमानात बसण्यासारखंच.

डोंगरावर थंडी म्हणजे मलेरिया नाही, हेही अर्धवट. साधारण १,८०० मीटरच्या वर धोका नसतो, पण मोशी, सेरेंगेटी, झांझिबार सगळं त्याखाली किंवा त्याच्या सीमेवर. प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. केनियातही जाणार असाल तर परत येताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते.

शाकाहारी जेवणाची चिंता सोडा. तिथला आचारी भात, भाजी, सूप रांधतो, आणि चपाती तर पूर्व आफ्रिकेत घरोघरी होते.

‘पोर्टर काय, त्यांना सवयच असते’ हा समज मला सर्वात जास्त खटकतो. प्रवेशद्वारापाशी पोर्टर रांगेत उभे असतात आणि एकेक बोजा काट्याला टांगून मोजला जातो. मर्यादा २० किलोची. तुमचा तंबू, अन्न, स्वयंपाकाचा गॅस, खुर्च्यासुद्धा त्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर जातात. विरळ हवा त्यांनाही बाधते, थंडीने पोर्टर दगावलेलेही आहेत. पॅकेज फार स्वस्त असतं तेव्हा बहुधा त्यांची मजुरी, जेवण आणि गरम कपडे यांतूनच पैसे वाचवलेले असतात. पोर्टरांना नीट वागवलं जातं का यावर लक्ष ठेवणारा ‘किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ हा प्रकल्प आहे. कंपनी त्याची भागीदार आहे का, हे पाहता येतं.

आपल्या गटांसाठी शेवटी एक सांगायचं राहिलं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, शिवजयंती धरून माथ्यावर झेंडा घेऊन जायची हौस मी समजू शकतो. पण शिखराची तारीख आधीच ठरली की राखीव दिवस उरत नाही आणि डोकं दुखत असताना थांबायची कुणाची हिंमत होत नाही. तारीख ठरवायचीच असेल तर नेहमीच्या बेतापेक्षा तीन दिवस आधी डोंगरावर पाऊल ठेवा. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्या: डोंगरावर नेमके किती दिवस, कुठल्या उंचीवर कुठली रात्र, त्रास झाला तर कुणाला कोण खाली नेणार आणि पोर्टरला रोज किती मजुरी. विम्याची पॉलिसी उघडून बघा, ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि सुटकेचा खर्च त्यात धरला आहे का. नसेल तर ती पॉलिसी बदला, आणि उत्तरं मिळाली नाहीत तर कंपनी बदला.