हट्टी नव्हे, कमी ऐकू येतंय

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाने हाकेला ओ दिली नाही, की घरचे म्हणतात, ‘फार हट्टी आहे.’ वाचा-श्रवण तज्ज्ञ म्हणून मी आधी कान तपासते. या मुलांची नाकामागून मधल्या कानात जाणारी नळी अरुंद असते, त्यामुळे पडद्यामागे चिकट पाणी साचतं. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून संशयही येत नाही. सर्दीत ऐकणं घटतं, नंतर सुधारतं. अशात ‘स’सारखे हलके ध्वनी निसटतात आणि शब्द अर्धवट शिकले जातात.

टिम्पॅनोमेट्री या कानाच्या चाचणीत हे पाणी काही सेकंदांत कळतं. ऐकू किती येतं, ते झोपलेल्या बाळाच्या बेरा चाचणीतून समजतं. पाणी टिकून राहिलं, तर डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवतात किंवा श्रवणयंत्र सुचवतात.

घरी टीव्ही बंद ठेवा, समोर बसून बोला, ‘पाणी हवं?’ विचारताना हाताने खूणही करा. आज्या हमखास विचारतात, ‘खुणांची सवय लागली तर बोलेल का?’ आजी, खुणा बोलणं अडवत नाहीत. या मुलांना कळतं जास्त, बोलता येतं कमी. खुणेमुळे मनातलं पोचतं, चिडचिड कमी होते. जन्मानंतरची चाचणी चांगली आली असली, तरी दरवर्षी कान तपासून घ्याच.