पाचटातून गाडीचं इंधन : पुण्यातलं संशोधन कुठवर आलं, आणि अडतंय कुठं?

पुणे : ऊसतोड झाली की फडात पाचटाचा थर उरतो. कुणी त्याला काडी लावतं, कुणी कुट्टी करून सरीत दाबतं. याच पाचटापासून, भाताच्या पेंढ्यापासून किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून गाडीत घालायचं इथेनॉल तयार होऊ शकतं. ही गोष्ट आता फक्त प्रयोगशाळेतली राहिलेली नाही. दौंड तालुक्यातल्या राहू इथं पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज कंपनीने मे २०१७ मध्ये असा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. त्याची क्षमता वर्षाला १० लाख लिटर. पुढे याच तंत्रावर हरियाणातल्या पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं.

मग इतकी वर्षं होऊनही आपल्या भागात पाचटाच्या गाठी घ्यायला गाड्या का फिरत नाहीत? तंत्र आहे, कच्चा माल आहे, इथेनॉलला गिऱ्हाईकही ठरलेलं आहे. तरी गाडं अडतंय, आणि ते एका ठिकाणी नाही.

आधी साधं इथेनॉल

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. देशाने १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला. २० टक्क्यांचं उद्दिष्ट मुळात २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५-२६ करण्यात आलं. पुण्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध. ५ जून २०२१ रोजी शुद्ध इथेनॉल विकणाऱ्या पंपांचा देशातला पहिला प्रयोग पुण्यातच तीन ठिकाणी सुरू झाला.

हे सगळं इथेनॉल येतं उसाचा रस, मळी, मका आणि तांदळापासून. एक टन उसाचा रस थेट वापरला तर साधारण ७० लिटर इथेनॉल मिळतं. साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीतून, म्हणजे सी-हेवीतून, टनामागे १० ते ११ लिटरच.

यात धोका आहे, आणि तो साखर पट्ट्यातल्या लोकांनी अनुभवलाय. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल असं दिसलं आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून. पण डिस्टिलरीसाठी कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांचं गणित तेवढ्यात विस्कटलं. पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ही बंधनं उठली. मधल्या काळात मक्याचा वापर वाढला, तर पोल्ट्रीवाले खाद्य महाग झालं म्हणून ओरडू लागले. खायच्या पिकातून इंधन काढलं की असा कुणाचा ना कुणाचा घास मध्ये येतोच. म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष पिकाच्या त्या भागाकडे गेलं जो माणूस खात नाही : पाचट, चिपाड, पेंढा, पऱ्हाटी, तुराट्या. याला दुसऱ्या पिढीचं इथेनॉल म्हणतात.

पाचटात साखर असते, पण कुलूपबंद

उसाच्या रसात साखर मोकळी असते. यीस्ट टाकलं की आंबतं. पाचटातही साखर आहे, पण ती लांबलचक साखळ्यांत गुंफलेली. स्लॅबशी तुलना केली तर कळायला सोपं जातं. सळ्या म्हणजे सेल्युलोज, सळ्या बांधायची तार म्हणजे हेमिसेल्युलोज, आणि वरून ओतलेलं सिमेंट म्हणजे लिग्निन. वाळलेल्या काडीत साधारण ३५ ते ४० टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि १५ ते २५ टक्के लिग्निन असतं. झाड वाऱ्यात उभं राहावं, किडीने खाऊ नये म्हणून निसर्गाने ही बांधणी केलीय. ती सहज सुटावी अशी केलेलीच नाही.

ती सोडवायला तीन पायऱ्या लागतात. पहिल्यांदा काडी बारीक करून वाफेच्या दाबाखाली, सौम्य आम्ल घालून शिजवायची. सिमेंट सैल होतं. मग त्यात एन्झाइम घालायचं, जे सेल्युलोजची साखळी तोडून ग्लुकोज मोकळं करतं. शेवटी यीस्ट ती साखर आंबवतं आणि ऊर्ध्वपातन करून इथेनॉल वेगळं काढतात.

यातलं एन्झाइम येतं बुरशीतून. कृषी सेवा केंद्रात मर रोगासाठी मिळणारं ट्रायकोडर्मा सगळ्यांना माहीत आहे. त्याच कुळातली ट्रायकोडर्मा रीसेई ही बुरशी या उद्योगाची खरी कामगार. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजून जात होते. का कुजतात ते शोधताना ही बुरशी सापडली. तंबू खाणारी बुरशी म्हणजे सेल्युलोज पचवणारी बुरशी! नुकसान करणारी हीच बुरशी पुढे कामाला लावली गेली.

पुण्यातही हे काम जुनं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम नावाच्या बुरशीच्या एन्झाइमने उसाचं चिपाड फोडण्याचं संशोधन १९८० च्या दशकातच झालं होतं. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

एन्झाइम मात्र स्वस्त नाही. शिवाय हेमिसेल्युलोजमधून जी साखर निघते ती झायलोज, पाच कार्बनची. बेकरीत किंवा डिस्टिलरीत वापरतात ते नेहमीचं यीस्ट ही साखर खातच नाही. म्हणजे काडीतली बरीचशी साखर तशीच वाया. झायलोज खाणारं यीस्ट तयार करावं लागतं, आणि ते नुसतं खाऊन भागत नाही. काडी शिजवताना फुरफुरालसारखी, यीस्टला घातक अशी रसायनंही तयार होतात. त्यात तग धरणारं यीस्ट हवं.

संशोधनाची दिशा कशी ठरली

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००६ मध्ये याच अडचणी मांडून १५ वर्षांचा आराखडा काढला होता. पहिली पाच वर्षं मूळ संशोधन, पुढची पाच वर्षं तंत्र कारखान्यात उतरवायची, शेवटची पाच वर्षं पीक, वाहतूक आणि कारखाना यांची घडी बसवायची. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात काय झालं? ड्यूपाँट कंपनीने आयोवा राज्यात मक्याच्या धांड्यांवर चालणारा प्रचंड कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये बंद केला. त्याच राज्यातला पोएट-डीएसएमचा कारखाना २०१४ ला सुरू झाला, २०१९ च्या अखेरीस थांबला. युरोपात क्लॅरियंट कंपनीने रुमानियात गव्हाच्या काडावरचा कारखाना काढला, तोही २०२३ मध्ये बंद झाला. ब्राझीलमध्ये राइझेन कंपनी चिपाडापासून इथेनॉल काढते. तिथं एक मोठा फायदा आहे : चिपाड साखर कारखान्यात आपोआप गोळा झालेलं असतं, शेतातून आणावं लागत नाही.

प्रयोगशाळेत काडी धुऊन, वाळवून, एकसारखी करून वापरतात. शेतातून आलेल्या गाठीत माती असते, खडे असतात, एखाद्या गाठीत ओल असते. माती यंत्र घासून काढते. बाहेरचे कारखाने केमिस्ट्रीत जेवढे अडले, तेवढेच या धुळमातीत अडले.

म्हणूनच राहूच्या प्रकल्पाला महत्त्व आहे. मुळशी तालुक्यात उरवडे इथल्या प्राजच्या संशोधन केंद्रात जे लहान प्रमाणावर जमलं, ते राहूला खऱ्याखुऱ्या शेतमालावर चालवून पाहायचं, वेगवेगळा काडीकचरा घालून बघायचा, आणि मगच शेकडो कोटी घालायचे, असा हा क्रम. पानिपतचा कारखाना ९०० कोटी रुपयांहून जास्त खर्चाचा. ठरलेला हिशेब असा की वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल. पण तोही पूर्ण क्षमतेने चालवणं सोपं गेलेलं नाही. केंद्राची मदत आहे. २०१९ ची पीएम जी-वन योजना खास अशा कारखान्यांसाठीच काढली, तिची मुदत आता २०२८-२९ पर्यंत वाढवलीय.

सगळे एकाच वाटेने चाललेत असंही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शिजवण्याचा खर्चिक टप्पा टाळून जिवाणूंच्या समूहाकडून शेतातल्या काडीकचऱ्याचं थेट हायड्रोजन आणि मिथेनमध्ये रूपांतर करण्याचं तंत्र पुढे आणलं. गोबरगॅसचंच पुढचं रूप म्हणा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर १९७० च्या दशकापासून गोड ज्वारीवर काम केलं. धाटातल्या रसाचं इथेनॉल, कणसातलं धान्य घरात, चोथा जनावरांना. विचार चोख होता, पण गोड ज्वारीचा रस उसासारखा वर्षातले पाच-सहा महिने मिळत नाही, आणि कारखाना काही थोड्या दिवसांसाठी उभा करता येत नाही.

पाचटाची किंमत नेमकी किती?

पानिपतच्या हिशेबाने एका टन पेंढ्यातून १५० लिटर इथेनॉल निघतं. उसाच्या टनाच्या दुप्पट वाटतं, पण उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, पेंढा कोरडा. सी-हेवी मळीच्या इथेनॉलला २०२४-२५ मध्ये लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दर होता. तोच धरला तर एका टनाचं इथेनॉल साधारण ८,७०० रुपयांचं. समजा कारखान्याच्या दारात गाठी टनाला २,५०० रुपयांना पडल्या, तर लिटरमागे १६-१७ रुपये नुसत्या काडीचे झाले. उरलेल्यात वाफ, आम्ल, एन्झाइम, मजुरी आणि ९०० कोटींचं व्याज. आणि त्या २,५०० मध्ये बेलरवाला, हमाल आणि ट्रकवाला यांचे गेल्यावर शेतकऱ्याच्या हातात किती येणार? पाचट हलकं आणि फुगीर. गाठी बांधल्या तरी ट्रक वजनाने नाही, जागेने भरतो. म्हणून कच्चा माल फार लांबून आणणं परवडत नाही.

आता शेताच्या बाजूने बघा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. म्हणजे हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र, युरियाच्या दोन पोत्यांच्या आसपास. ते लगेच मिळत नाही, कुजेल तसं मिळतं. पण खरा माल आहे तो कर्ब. उसाच्या जमिनी आधीच चोपण होत चालल्यात, सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात माती परीक्षणाचा अहवाल 'कमी' दाखवतो. खोडव्यात पाचट आच्छादन केलं की पाण्याची पाळी लांबते, तण दबतं. हे सगळं सोडून पाचट द्यायचं तर भाव त्या हिशेबाने लागला पाहिजे.

जे शेतकरी पाचट जाळतात त्यांचं गणित वेगळं. तिथं मिळेल तो पैसा वरचाच आहे. पंजाब-हरियाणात भात काढणी आणि गहू पेरणी यांच्यात दोन-तीन आठवडेच मिळतात, म्हणून पेंढा जळतो आणि म्हणून तिथं कारखाना आधी गेला. आपल्याकडे मुळशी, मावळ, भोरचा पेंढा जनावरांच्या दावणीत जातो. कडबा तर विचारूच नका, दुष्काळात त्याच्या पेंडीचा भाव कुठल्याही इंधन कंपनीला परवडणारा नाही. इंदापूर, बारामती, दौंड, शिरूरच्या उसाचं पाचट आणि कारखान्याचं चिपाड, एवढाच भरवशाचा माल दिसतो. चिपाडही मोकळं नाही, ते बॉयलरला लागतं आणि त्यावर वीज विकली जाते.

लिग्निन आणि विमान

इथेनॉल काढून झाल्यावर लिग्निन उरतं. पूर्वी ते नुसतं जाळायचे. आता त्याचं डांबर करतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर मार्गावर राष्ट्रीय महामार्ग ४४ चा एक तुकडा लिग्निन मिसळलेल्या डांबराने तयार झाला, त्यातही प्राजचा सहभाग होता. टाकाऊ भागाला गिऱ्हाईक मिळालं तर इथेनॉलचा खर्च निघायला मदत होते. संशोधक सध्या इथंच जास्त जोर लावतायत, आणि ते बरोबरही आहे.

दुसरा जोर विमानाच्या इंधनावर. मोटारी बॅटरीवर चालतील, मोठं विमान इतक्यात चालणार नाही. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या प्रवासी विमानात देशी कच्च्या मालापासून केलेलं जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळलेलं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पासून १ टक्का, २०२८ ला २ टक्के आणि २०३० ला ५ टक्के असं उद्दिष्ट सरकारने ठेवलंय. डिझेलचं कोडं अजून सुटायचं आहे. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळून राहत नाही, म्हणून आयसोब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलचे प्रयोग चालू आहेत. ट्रॅक्टरवाल्यांनी लक्ष ठेवावं असं काम ते आहे.

उद्या गावात कुणी पाचटाचा करार घेऊन आलं, तर सहीआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : वजन शेतात की कारखान्यात, ओलाव्याची कपात किती, गाठी बांधायचा खर्च कुणाचा, आणि कारखाना बंद राहिला तर पडून राहिलेल्या गाठींचं काय. निदान एक थर तरी सरीत राहू द्यावा, सगळं फड झाडून देऊ नये.