छप्पर उडाल्यावर : आधी कागद, मग कौल

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि काही तासांत श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत शेकडो घरे उघडी पडली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. दोन्ही वेळा पावसाळा अगदी तोंडावर होता. अशा वेळी माणूस धावतो तो सुताराकडे. ते साहजिकच आहे. पण घराचा विमा असेल, तर पहिले कौल हलवण्याआधी मी सांगतो तेवढे जरूर करा.

पुष्कळांना आपल्या घराचा विमा आहे, हेच ठाऊक नसते. गृहकर्ज देताना बँकेने तो उतरवलेला असू शकतो. तेव्हा कर्जाची फाईल काढून पाहा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळीकडे सारख्याच अटींची पॉलिसी मिळते. वादळ, पूर, घरावर माड कोसळणे यांनी झालेले नुकसान तिच्यात धरले जाते. पडझडीचा ढिगारा हलवण्यासाठीही मंजूर रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो.

नुकसान झाले की चारही बाजूंनी फोटो काढा आणि कंपनीला ताबडतोब कळवा. मग ताडपत्री घाला. घरात पाणी जाऊन नुकसान वाढू न देणे ही आपलीही जबाबदारी असते. ताडपत्रीची पावती जपून ठेवा. फुटलेली कौले, वाकलेले पत्रे सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय टाकू नका. त्याची फी कंपनी देते, आपण द्यायची नसते. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी लागतो आणि पुरावा म्हणून इथेही उपयोगी पडतो. मात्र त्यावर विमा आपोआप मंजूर होत नाही.

आता कारागीर. वादळानंतर गावात नवे चेहरे येतात, आगाऊ पैसे मागतात. मी विचारीन ते एवढेच : मागच्या वादळात टिकलेले, तुम्ही घातलेले एखादे छप्पर दाखवा. वारा पागोळीच्या बाजूने आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. म्हणून पागोळीकडचे पत्रे किती हुकांनी धरणार, आढ्यावरचे कोने कसे बसवणार, वासे भिंतीला कशाने बांधणार, हे ज्याला सांगता येते, तो माणूस कामाचा.

त्याच्याकडून अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्याचे दोन भाग करायला सांगा. पहिल्या भागात वादळाने मोडलेले तेवढेच, माप, नग आणि दरासह. दुसऱ्या भागात वाळवीने आधीच खाल्लेला वासा किंवा कौलांच्या जागी हौसेने घालायचे रंगीत पत्रे. विमा पहिल्या भागाचा. दुसरा खर्च आपला. दोन्ही एकत्र लिहिले की सर्वेक्षकाला सगळ्याच आकड्यांची शंका येते आणि हक्काची रक्कमही अडकते.

‘विम्याचेच पैसे आहेत, बिल वाढवून देतो,’ असे कोणी म्हणाले तर त्याला नमस्कार करून वाटेला लावा. खोट्या बिलाने सगळा दावाच बुडू शकतो. दाव्याच्या कोऱ्या अर्जावर सहीही करून देऊ नका. कारागिराला पैसे टप्प्याटप्प्याने, शक्यतो बँकेतून द्या. शेवटचा हप्ता पहिली मोठी सर येऊन गेल्यावर.

कंपनीने दावा नाकारला किंवा कमी दिला, तर कारण लेखी मागा आणि तिच्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

श्रोतेहो, पॉलिसीची एक प्रत नातेवाइकांकडे आणि घराच्या छपराचे चार फोटो मोबाईलमध्ये, एवढी तयारी मे महिन्यातच करून ठेवा. वादळानंतर कपाट भिजलेले असते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)