पहिली नोकरी, हैदराबाद आणि महागात पडणारे समज

नांदेड, देगलूर, उदगीर, चंद्रपूर या भागांतली मुलं पदवी हातात पडली की हैदराबादकडे पाहतात, यात नवं काही नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. शिक्षण, दवाखाना, सोयरीक, सगळ्यासाठी माणसं इकडे यायची. १९९८ साली माधापूरला सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, पुढे गच्चीबावली आणि नानकरामगुड्यापर्यंत कचेऱ्या पसरत गेल्या आणि पहिल्या नोकरीसाठी शहराचं नाव घराघरांत घेतलं जाऊ लागलं. आता शोध गाडीत बसण्याआधी मोबाइलवरच सुरू होतो. या शोधात काही समज पक्के रुतून बसले आहेत, आणि नीट पाहिलं तर जवळपास प्रत्येक समजावर कुणीतरी पैसे कमावतं आहे.

सगळ्यात महाग पडणारा समज हा: ‘थोडे पैसे भरल्याशिवाय आत शिरकाव होत नाही.’ घरातली मोठी माणसंही यावर विश्वास ठेवतात, कारण देण्याघेण्याच्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर ऐकलेल्या असतात. वस्तुस्थिती अशी की चांगली कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर तसं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. खऱ्या भरती एजन्सीला तिची फी कंपनी देते.

फसवणुकीची रीत ठरलेली असते. एका नामांकित कंपनीच्या नावानं फोन येतो. पाच-दहा मिनिटांत मुलाखत उरकते, कधी तर फक्त व्हॉट्सअॅपवर किंवा टेलिग्रामवर प्रश्नोत्तरं होतात. लोगो आणि शिक्का असलेलं ऑफर लेटर पीडीएफमध्ये येतं. मग नोंदणी शुल्क, लॅपटॉपचं डिपॉझिट, प्रशिक्षणाचे पैसे, कागदपत्र पडताळणीचा खर्च, आणि प्रत्येक वेळी ‘पहिल्या पगारात परत मिळतील’ हे आश्वासन. पहिली रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात. ती एकदा भरली की ती वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढची भरतो.

तपासणी अवघड नाही. ईमेलच्या पत्त्यात ‘अॅट’ या खुणेनंतर काय लिहिलंय ते अक्षर अन् अक्षर वाचा. कंपनीच्या नावात एखादं अक्षर कमी-जास्त केलेलं असतं किंवा जीमेलचा पत्ता असतो. पत्रावरच्या नंबरवर खात्री करून घेऊ नका. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः उघडा आणि तिथल्या नंबरवर विचारा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंद दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. कंपनी खरी असते, फोन करणारा तिचा नसतो. आधारची प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं.

पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथं एकेक तास मोलाचा. घरी काय सांगू या लाजेपोटी मुलं दोन-दोन दिवस गप्प राहतात. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. आईवडिलांनी आधीच सांगून ठेवावं, की फसलास तर पहिला फोन आम्हाला कर, कुणी रागावणार नाही.

सरकारी भरतीच्या परीक्षेला शुल्क असतं, ही गोष्ट वेगळी. ते अधिकृत संकेतस्थळावर भरायचं, व्यक्तीच्या खात्यात नाही. परदेशातल्या नोकरीचंही तसंच. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद असलेल्या एजंटालाच माणसं पाठवता येतात, त्याची नोंद ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते, आणि त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच असू शकते. डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून म्यानमार, कंबोडिया, लाओसला नेऊन भारतीय तरुणांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलं. त्यांत तेलंगणातलीही मुलं होती.

‘माझं काहीच जात नाही, फक्त बँक खातं वापरायला द्यायचंय’ हाही असाच एक घातक समज. घरबसल्या काम, खात्यात आलेले पैसे पुढे पाठवायचे, त्यावर कमिशन. ते पैसे बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले असतात. माग लागतो तो खातेदाराचा, खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस घरी येते.

आता हैदराबादचं अमीरपेट. मैत्रीवनम आणि आदित्य एन्क्लेव्हच्या आसपास जावा, पायथन, टेस्टिंग, क्लाउड शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या एकीवर एक लागलेल्या असतात. इथं कमी फीत बरंच शिकायला मिळतं, हजारो मुलांचे पाय इथंच रोवले गेले, ते नाकारायचं कारण नाही. पण प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे, आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ला पाटीपलीकडे आधार नसतो. फी भरण्याआधी एक डेमो वर्ग बसून ऐकावा, आधीच्या तुकडीतल्या मुलांशी बोलावं.

याच वातावरणात आणखी एक सल्ला कानावर पडतो: ‘फ्रेशरला कुणी विचारत नाही, दोन वर्षांचा अनुभव दाखव, कागद आम्ही करून देतो.’ पूर्वी हे खपून गेलं असेल, आता पकडलं जाणं सोपं झालंय. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर कुठल्या कंपनीत कधी होता याचा इतिहास दिसतो. प्राप्तिकराच्या २६-एएस विवरणात कापलेला कर दिसतो. पडताळणी करणाऱ्या एजन्सी जुन्या कंपनीला थेट विचारतात, आणि खोटे अनुभव विकणाऱ्या कंपन्यांच्या याद्या मोठ्या कंपन्या जवळ बाळगतात. पडताळणीचा निकाल रुजू झाल्यावर काही महिन्यांनी आला, तरी नोकरी जाते. फ्रेशर असणं हा डाग नाही. फ्रेशरसाठी टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या वेगळ्या परीक्षाच असतात.

‘रोज शंभर अर्ज टाकले की एखादा लागेलच’ हे मेहनती मुलांना पटतं, म्हणून ते जास्त वेळ खातं. १९९७ पासून चालू असलेल्या नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर कंपन्या जाहिराती तर देतातच, पण पैसे भरून उमेदवारांच्या माहितीसाठ्यात स्वतः शोधही घेतात. शोधताना त्या कौशल्याचं नाव, शहर, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष टाकतात, आणि अलीकडे अद्ययावत केलेली प्रोफाइल वर दिसावी अशी सोय असते. म्हणजे शंभर ठिकाणी तोच रेझ्युमे टाकण्यापेक्षा प्रोफाइल नेमकी आणि ताजी ठेवणं जास्त कामाचं. शहराच्या रकान्यात हैदराबाद लिहिलेलंच नसेल, तर हैदराबादच्या शोधात तुमचं नाव येणार कसं? आणि आपल्याच कॉलेजचा दोन वर्षं पुढचा मुलगा त्या कंपनीत असेल, तर त्याला लिंक्डइनवर चार ओळींचा सभ्य निरोप पाठवून रेफरल विचारायला संकोच करू नये. रेफरल म्हणजे वशिला नव्हे. मुलाखत द्यावीच लागते, फक्त रेझ्युमे माणसाच्या नजरेपर्यंत पोचतो.

मशीनच रेझ्युमे नाकारतं, ही भीती थोडी खरी आणि बरीचशी वाढवलेली आहे. ‘एटीएस’ म्हणतात ते सॉफ्टवेअर अर्जातली माहिती वाचून रकान्यांत बसवतं. दोन स्तंभांची मांडणी आणि चित्रात लिहिलेला मजकूर त्याला नीट वाचता येत नाही. साधा, एका स्तंभातला रेझ्युमे पुरे. त्यासाठी ‘एटीएस-प्रूफ’ रेझ्युमे विकत घ्यायची गरज नाही.

तेलुगू येत नाही म्हणून नोकरी मिळणार नाही, असंही सांगतात. बँकेची शाखा, विक्री, रुग्णालयाचा स्वागतकक्ष इथं तेलुगू लागतेच. आयटी आणि औषध कंपन्यांत बहुतेक काम इंग्रजीत चालतं. तेलंगणाच्या राज्य सरकारी नोकरीचा नियम मात्र अर्ज भरण्याआधी माहीत हवा: २०१८ च्या राष्ट्रपती आदेशानुसार थेट भरतीतल्या ९५ टक्के जागा स्थानिकांसाठी आहेत, आणि स्थानिक कोण हे मुख्यतः पहिली ते सातवीतली किमान चार वर्षं कुठं शिकलात यावर ठरतं. नांदेडला शाळा झालेल्या मुलानं आपली गणितं त्याप्रमाणे मांडावीत. केंद्र सरकारच्या आणि खाजगी नोकऱ्यांना ही अट नाही.

शेवटी अप्रेंटिसशिप, जी आयटीआयवाल्यांची समजून पदवीधर सोडून देतात. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, पण त्यात १९७३ साली अभियांत्रिकी पदवीधर आले आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर कला-वाणिज्य-विज्ञानाचे पदवीधरही. नॅट्स या सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट होते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. हैदराबादेत ईसीआयएल आणि रामचंद्रपुरमचं भेल अशा उमेदवारांना घेतात. मुदत संपल्यावर तिथंच कायम होण्याची हमी नसते, पण अनुभवाचा कागद खरा असतो, आणि पुढची कंपनी तो तपासायला बसली तरी झोप उडत नाही.