विचारण्याची विद्या

गतकाळाची सारीच हकीकत ग्रंथांत सापडत नाही. पुष्कळशी वृद्धांच्या आठवणींत असते. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी, परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी खाणारी माणसे आजही खेडोपाडी आहेत. परंतु ती आता थकली आहेत. त्यांना बोलते करावयाचे, तर विचारण्याची विद्या आधी शिकली पाहिजे. तिचा सराव वर्गमित्राबरोबर उत्तम होतो.

मित्राला गेल्या पावसाळ्याची हकीकत विचारावी. “पाऊस फार होता ना?” या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. “त्या दिवशी तू काय पाहिलेस?” असे विचारताच हकीकत उलगडू लागते. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये. तो थांबला, तर आपणही क्षणभर थांबावे. पुष्कळदा महत्त्वाची गोष्ट त्यानंतरच येते. त्याने स्वतः पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, हे विचारून घ्यावे. टिपण त्याच्याच शब्दांत करावे व अखेरीस वाचून दाखवावे, म्हणजे चूक तेथेच सुधारते.

मग अदलाबदल करावी. स्वतः उत्तरे देऊ लागल्यावर कळते की, काही आठवणी सांगणे जड जाते. म्हणून वृद्धांची प्रथम अनुमती घ्यावी; ‘हे नको’ असे ते म्हणाले, तर आग्रह धरू नये. भूक सोसलेल्या माणसाची आठवण ही त्याची ठेव आहे. ती जशी मिळाली तशीच जपणे, हे विचारणाऱ्याचे कर्तव्य होय.