संध्याकाळी सगळ्यांनीच स्कूटर चार्जिंगला लावली तर?

सणसवाडीत जनरल शिफ्ट सुटली की पुणे-अहिल्यानगर रस्ता दुचाकींनी भरतो. त्यात आता इलेक्ट्रिक स्कूटरही आल्या. खोलीवर पोचताच त्या चार्जिंगला लागतात. अडचण नेमकी इथेच आहे. सूर्य मावळला की सौरवीज थांबते आणि घरोघरचा वापर वाढतो.

साधा हिशेब करा. स्कूटरचा चार्जर साधारण ७५० वॅटचा. एका रोहित्रावर १०० स्कूटर एकदम लागल्या, तर भार ७५ किलोवॅट. गावोगावी दिसणाऱ्या १०० केव्हीएच्या रोहित्राची तीन-चतुर्थांश क्षमता तिथेच संपली. फॅन, फ्रिज, पिठाची गिरणी वेगळीच!

दुपारी मात्र राज्यात सौरवीज भरपूर असते. म्हणून जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ दरम्यानच्या वापरावर युनिटमागे किमान ८० पैसे सवलत मिळते. वापराची वेळ नोंदवणारा मीटर ही स्मार्ट ग्रिडची पहिली पायरी.

पण ३ युनिटची बॅटरी भरून वाचतात जेमतेम अडीच रुपये. शिवाय भाडेकरूच्या खोलीचे मीटर मालकाच्या नावावर. सवलत त्याच्याच बिलात. दुपारी स्कूटर असते कंपनीच्या पार्किंगमध्ये. याला अपवाद फक्त रात्रपाळीवाल्यांचा.

बॅटरीतून ग्रिडला वीज परत देण्याची चर्चा बरीच होते. त्यासाठी वेगळा, दुहेरी चार्जर लागतो. स्कूटरसोबत येणारा चालत नाही. पार्किंगच्या शेडखाली साधे सॉकेट मात्र आजही बसवता येते. उद्योगांच्या वीजदरातही दिवसा सवलत आहेच.