शेताची कड

दान हा शब्द उच्चारला की देणाऱ्याचा वर असलेला हात आणि घेणाऱ्याचा पसरलेला हात, असे चित्र आपल्या मनात उभे राहते. ख्रिस्ती शिकवण या चित्रावर फारशी संतुष्ट नाही. गरिबाला द्यावयाचे ते उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून, असा तिचा आग्रह आहे. चौथ्या शतकात कैसरिया नगरीत मोठा दुष्काळ पडला, तेव्हा संत बाझिल यांनी धनिकांना बजावले की, तुमच्या कोठारात अडकून पडलेले धान्य वस्तुतः भुकेल्याच्या मालकीचे आहे.

या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, खाली पडलेली कणसे पुन्हा वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात आहे. आपल्याकडे यालाच सरवा म्हणतात. रूथची कथा या सरव्याचीच कथा आहे. रूथ विधवा, आणि मवाब देशाची, म्हणजे सर्वस्वी परकी. वृद्ध सासूला घेऊन ती बेथलेहेमला आली आणि जवाच्या कापणीत कणसे वेचू लागली. शेताचा मालक बवाज याने तिला बोलावून पोतेभर धान्य दिले असते तर तो उदार ठरला असता. त्याने त्या दिवशी निराळेच केले. पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम गळू द्या आणि तिला बोलू नका, असे त्याने गड्यांना सांगितले. संध्याकाळी रूथने आपले धान्य आपणच झोडले आणि ते स्वतःच्या कष्टाचे म्हणून घरी नेले. देणाऱ्याने स्वतःला किती लपवावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या गोव्यात या शिकवणीला संस्थेचे रूप मिळाले ते सोळाव्या शतकात. लिस्बनमध्ये 1498 साली स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दिया या दयासंघाची शाखा ओल्ड गोव्यात त्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत निघाली. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, वाटसरूस आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका, मृतास मूठमाती अशी दयेची कृत्ये हाच तिचा नियम होता. संत फ्रान्सिस झेवियर यांनी 1549 साली होर्मुझला निघालेल्या फादर गास्पर बार्झेउस यांना लेखी सूचना दिल्या. लोक परतफेड म्हणून जे पैसे देतील ते धर्मगुरूंनी आपल्या हाताने वाटू नयेत, मिझेरिकॉर्दियाकडे सोपवावेत, अशी त्यांत एक सूचना आहे. पैशाच्या आशेने कोणी धर्मगुरूभोवती गोळा होऊ नये आणि त्याच्यावर संशयही येऊ नये, हा त्यामागचा हेतू. किती व्यवहारी हा संत!

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1608 मध्ये पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी गोव्याच्या राजरुग्णालयात होता. तेथे रोग्यांना चांदीच्या भांड्यांतून अन्न मिळे, असे त्याने लिहून ठेवले आहे. पण ती चांदी युरोपियनांपुरती होती. एतद्देशीय ख्रिस्ती रोग्यांची सोय वेगळ्या रुग्णालयात होई. त्याच नगरात गुलामांचा बाजार भरत असे. दयेची कृत्ये मोजली गेली, पण ‘परका’ हा शब्द त्या यादीतून हळूच गळून गेला.

आमचा पेडणे महाल 1788 साली पोर्तुगीज अमलाखाली आला. त्यामुळे त्या वैभवाशी किंवा त्या दोषाशी मोरजीचा संबंध थोडाच. तरी प्रश्न आमच्याही दारात येऊन उभा आहे. शापोरा नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावात रापण ओढताना दोराला हात लावणारास मासळीचा वाटा मिळे. तो वाटा कोणी भीक मानीत नसे. आज किनाऱ्यावर हॉटेले उभी आहेत, आणि ती बांधणारे मजूर परप्रांतांतून येऊन पत्र्याच्या खोल्यांत राहतात. गावातल्या विधवेच्या घरी, म्हाताऱ्याच्या खाटेपाशी आपण नाताळात जातो, आणि ते योग्यच आहे. त्या पत्र्याच्या खोल्यांकडे मात्र आपली पावले क्वचितच वळतात. ते आपले नव्हेत, असे आपण मनाशी धरून चालतो. रूथही बेथलेहेमकरांची नव्हती.

शिक्षक म्हणून एक लहानशी गोष्ट सांगतो. नवे वर्ष सुरू झाले की या मजुरांपैकी एखादा बाप मुलाचा हात धरून शाळेच्या पायरीशी येतो. जन्मदाखला नाही म्हणून तो बोलायलाच धजत नाही. दाखला आणण्यासाठी दूरच्या गावी जायचे तर कित्येक दिवसांची मजुरी बुडते. वास्तविक 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला केवळ वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, त्याच्याबरोबर कचेरीत बसून अर्ज भरावा लागतो. या कामाला पैसा लागत नाही. एक सकाळ लागते, आणि मोरजीत अशी सकाळ देऊ शकणारी सुशिक्षित माणसे पुष्कळ आहेत.